एका बटणाची पेटी

एक्क्याण्णव साल. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. तलासरीला हायवेच्या कडेला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, मागच्या बाजूला राहायची खोली. त्या पावसाळ्यात मी दुकानात व्हिडिओ गेमची पेटी बनवली. स्वतःच्या हातांनी, पहिल्या खिळ्यापासून. ती दसऱ्याला सुरू करायची आणि बटण बायकोने दाबायचं, हे श्रावणातच ठरून गेलं होतं. आणि ती पेटी कधी कधी चावते, हे घरात फक्त मला माहीत होतं.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काही लपवतोय असं वाटायला नको. लपवायचं ते तेव्हाच लपवून झालं.

माझं गाव सरावली. शाळा चौथीपर्यंत. पाचवीचं पुस्तक हातात आलं होतं, पण ते मी उघडलं नाही. डहाणूला एका गुजराती शेठच्या रेडिओच्या दुकानात झाडू मारायला लागलो आणि झाडू मारता मारता काम शिकलो. कुठली वायर कुठे जाते हे मला कुणी कागदावर काढून दाखवलं नाही. जळलेल्या कॉइलचा वास वेगळा, जळलेल्या कंडेन्सरचा वेगळा, हे नाकाने शिकलो. शेठ म्हणायचे, "तू वाचत नाय ते बरं छे. वाचणारे लोक हात लावायला घाबरतात." त्यांनी ते कौतुकाने म्हटलं की वैतागून, ते त्यांनाच माहीत. मी कौतुक म्हणून घेतलं आणि वीस वर्षं तेच धरून बसलो.

पेटीचं खूळ डोक्यात शिरलं ते डहाणू रोडला. स्टेशनच्या बाहेर एका गाळ्यात व्हिडिओ गेम आला होता. मी आत गेलो, खेळणाऱ्यांकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पेटीच्या मागे जाऊन वाकलो. मागची फळी उघडीच होती. आत एक टीव्ही, एक हिरवा बोर्ड, एक ट्रान्सफॉर्मर. बास. मालक विशीतला होता. त्याने मला बाहेर काढलं. म्हणाला, "काका, ते तुमच्या कामाचं नाही. आत कॉम्प्युटर आहे."

मी चप्पल घातली आणि एवढंच म्हटलं, "तीन बटणं लागतात तुला एक पेटी सुरू करायला."

खरंच लागायची. एक वरच्या ट्यूबलाइटचं, एक टीव्हीचं, एक बोर्डाचं. सकाळी दुकान उघडलं की तो तिन्ही चाचपत बसायचा, आणि क्रम चुकला की पडद्यावर नुसता कचरा दिसायचा. मी परत येताना बसमध्ये ठरवलं. माझ्या पेटीला एकच बटण असेल. दाबलं की सगळं सुरू, दाबलं की सगळं बंद.

कपाट घरात होतं. सागाचं, अंगापिंडाने दणकट. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. त्यातले बायकोचे कपडे मी पत्र्याच्या ट्रंकेत भरले आणि कपाट दुकानात ओढत आणलं. ती दारात उभी राहून बघत होती.

"अहो, बाबांनी दिलेलं आहे ते."

"मग टाकून थोडंच देतोय? लोक पैसे देऊन बघायला येतील त्याला."

तिने आत जाऊन ट्रंकेतले कपडे काढून पुन्हा घडी घालून ठेवले, मी कसेतरी कोंबले होते म्हणून.

कपाटाच्या वरच्या दारात चौकोन कापून टीव्हीची पिक्चर ट्यूब बसवली. टीव्ही जुनाच होता, गिऱ्हाईक सोडून गेलेला. गेमचा बोर्ड मुंबईहून भंगारात मिळाला, मेलेला. तो जिवंत करायला मला दीड महिना लागला. मधल्या कप्प्यात पत्र्याची उतरती पाटी बसवली, तिच्यावर चार बटणं आणि एक लोखंडी दांडी. दांडीच्या टोकाला लाकडी गोळा. दांडी जिकडे वाकवायची तिकडे पडद्यावरचं विमान जायचं. आणि डाव्या बाजूला, हात सहज जाईल अशा उंचीवर, ते एकच बटण. पितळी टोपीचं, काळ्या चिनी मातीच्या बुडाचं. एका पाडलेल्या बंगल्यातून आणून मी ते कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं. त्याचा आवाज आताच्या बटणांसारखा पचपचीत नव्हता. टक असा व्हायचा, घराच्या मागच्या खोलीपर्यंत ऐकू जायचा.

पहिल्यांदा ते दाबलं तेव्हा भाद्रपद होता. बाहेर पाऊस, दुकानात मी एकटा. टक. वरची ट्यूब फडफडली. मग काही नाही. मग स्पीकरमध्ये गुरगुर, आणि काळ्या काचेच्या आतून हळूहळू निळा उजेड वर आला, विहिरीत खालून कंदील वर ओढावा तसा. विमान दिसलं. पण सगळ्या चित्रावर आडव्या रेघा, सारख्या खालून वर सरकणाऱ्या. चार दिवस त्या रेघांनी मला जेवू दिलं नाही. पाचव्या दिवशी मी टीव्हीच्या चॅसीपासून, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्यापासून, एक वायर काढून पत्र्याच्या पाटीला जोडली. रेघा गेल्या. चित्र असं उभं राहिलं की वाटावं भिंतीला खिळलंय.

मी आनंदाने दांडीवर हात ठेवला आणि तिने मला दुकानाच्या मधोमध फेकलं.

का, ते मला बसल्या जागीच कळलं. मी अडाणी असलो तरी त्या कामात अडाणी नव्हतो. तसल्या जुन्या टीव्हीचा सांगाडा विजेच्या दोन वायरींपैकी एकीला थेट जोडलेला असतो. ती थंड वायर असेल तर काही होत नाही. पण दोन पिनांचा प्लग उलटा खोचला, की सांगाड्याला गरम, म्हणजे करंट असलेली वायर येते, आणि आता सांगाड्याला पाटी जोडलेली, पाटीला दांडी जोडलेली. मी प्लग काढला, फिरवून पुन्हा लावला, उलट्या हाताने दांडीला शिवून बघितलं. काही नाही. गार लोखंड.

मग मी काय केलं? तांबड्या ऑइल पेंटचा डबा उघडला आणि प्लगच्या एका अंगाला एक ठिपका दिला. ठिपका वर म्हणजे बरोबर. ठिपका खाली म्हणजे चावणार. प्रश्न मिटला. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे, माझ्या पेटीत खोट आहे असं सांगायचं.

आमच्याकडे एक मांजर होती, करड्या रंगाची. पेटी चालू असली की वरची फळी तापायची, म्हणून ती तिथे जाऊन झोपायची. एका दुपारी मी बाहेर गेलो होतो. बायकोने झाडताना प्लग काढला आणि पुन्हा लावून ठेवला, बटण बंदच होतं. मी आलो तेव्हा मांजर पत्र्याच्या पाटीवरून वर चढायच्या बेतात होती. मागचे दोन पाय ओल्या भिंतीला टेकलेले, पुढचे दोन तिने पाटीवर टाकले. तिचा आवाज मांजरीचा नव्हता. ती उडून रिकाम्या खोक्यांत पडली आणि तशीच दारातून बाहेर गेली.

बटण बंद होतं. हे माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि तरीही माझ्या डोक्यात ते हवं तसं उतरलं नाही. मी प्लग बघितला. ठिपका खाली होता. फिरवला. ठिपक्यावर पेंटचा आणखी एक हात दिला. बायकोला म्हटलं, "त्या प्लगला हात लावत जाऊ नको."

"का?"

"सैल आहे."

मांजर त्या दिवसापासून दुकानात आली नाही. दारात बसायची, पुढचे पाय उंबऱ्याच्या बाहेरच ठेवून, आणि पेटीकडे बघत राहायची. शेजारी चहाचं हॉटेल होतं, तिथे गाड्या थांबायच्या. हॉटेलवाला उंबरगावकडचा गुजराती, बोलायला मोकळा. तो म्हणाला, "मिस्त्री, तुमचं मांजर गिऱ्हाईक झालं काय? रोज येऊन बसते, आत नाय येत."

"तिला गेम कळत नाही," मी म्हटलं.

बायकोचा धाकटा भाऊ वाणगावला होता, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. आयटीआय केलेला, पगारी माणूस, खिशाला कायम टेस्टर अडकवलेला. रविवारी बहिणीला भेटायला यायचा. माझं आणि त्याचं वाईट नव्हतं, पण तो बोलायला लागला की त्याच्या बोलण्यात पुस्तक असायचं आणि ते मला खुपायचं. नवरात्राच्या आदल्या रविवारी तो आला, पेटीभोवती एक फेरी मारली आणि कपाटाच्या लाकडावरून हात फिरवला.

"आमच्या बाबांचं कपाट ओळखू येत नाही, भावोजी."

"सुधारलंय ते."

मी टक केलं. ट्यूब, गुरगुर, निळा उजेड, विमान. त्याने दोन डाव खेळले, दोन्ही हरला. मग खाली वाकून वायर कुठे जाते ते बघू लागला. वायर पेटीच्या मागून निघून भिंतीच्या कडेने दाराजवळच्या विजेच्या बोर्डावर जात होती.

"दोनच वायरी? अर्थिंग कुठंय?"

"कशाला पाहिजे?"

"पत्रा आहे ना समोर. उद्या आत काही सुटलं आणि पत्र्यात करंट आला तर तो जायचा कुठे? माणसातनं जाईल."

"रेल्वेत जात असेल माणसातनं. तुमच्याकडे माणसं जास्त आहेत."

तो हसला. मग म्हणाला, "आणि तुमचं हे एकच बटण, ते एकच वायर तोडतं ना? दुसरी जोडलेलीच राहते. निदान दोन्ही तोडणारं बसवा."

"एक वायर तोडली की दिवा विझतो. तुमच्या साहेबांनी शिकवलं नाही वाटतं."

"दिवा विझतो, भावोजी. वायर विझत नाही."

हे त्याचं वाक्य मी आज इतक्या वर्षांनी शब्दाला शब्द लिहू शकतो. तेव्हा मी फक्त एवढं बघितलं, की बायको आतल्या दारात उभी राहून हे ऐकतेय.

त्याने टेस्टर काढून पत्र्याला लावला. दिवा लागला नाही. लागणारच नव्हता, ठिपका वर होता. मी छाती काढून उभा राहिलो. पण तो शिकलेला होता. तो उठून दाराजवळच्या बोर्डाकडे गेला आणि म्हणाला, "प्लग उलटा करून बघू एकदा."

मी त्याचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं असणार.

"माझ्या पेटीला हात लावायचा नाही."

"अहो, बघतोय फक्त."

"बघून झालं. जेवायला बस."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला, मग माझ्या तोंडाकडे. मी मनगट सोडलं. जेवताना त्याने एकदाच विषय काढला. "अर्थिंगला एक खड्डा खणायचा. पाइप पुरायचा, कोळसा आणि मीठ भरायचं, वर पाणी. अर्ध्या दिवसाचं काम. मी येतो हवं तर."

"मी मेलो तरी खड्डा खणणार नाही," मी म्हटलं. बायकोने माझ्या ताटात भात वाढता वाढता डाव थांबवला. "जेवताना काय बोलता," एवढंच म्हणाली.

जाताना तो तिच्याशी बाहेर काहीतरी बोलला. नंतर तिने मला विचारलं, "भाऊ म्हणत होता, पेटीला हात लावताना चप्पल घाल. का हो?"

"त्याला सांग, सिग्नल सांभाळ."

दसऱ्याच्या दिवशी ती पहाटेच उठली. दुकानाची जमीन मातीचीच होती. तिने ती शेणाने सारवली, अगदी पेटीच्या पायापर्यंत. आदल्या दिवशी परतीचा पाऊस पडून गेला होता, हवा दमट होती, जमीन काही वाळेना. दहा वाजले तरी पाऊल टाकलं की गार लागायची आणि बोटांचे ठसे उमटायचे.

दसऱ्याला हत्यारांची पूजा. माझी पक्कड, सोल्डरिंग आयर्न, मीटर, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं तिने पाटावर मांडलं आणि एकेकाला हळद-कुंकू लावलं. मी मागे मोरीत अंघोळ करत होतो. बाहेर आलो, पांढरा शर्ट घातला, दुकानात आलो तर पेटीची पूजा झालेली. पाटीला पाच बोटं, पितळी बटणाला एक, पडद्याच्या काचेला स्वस्तिक. आणि दाराजवळ बोर्डाखाली, नव्या पाटावर, वायरीचं टोक ठेवलेलं. सारवताना वायर भिजू नये म्हणून तिनेच प्लग काढून ठेवला होता. त्याला तिने सगळ्यात जास्त हळद-कुंकू लावलं होतं. ओलं, जाड, दोन्ही अंगांना.

"हे काय केलंस?"

"तोंड तेच ना तिचं," ती म्हणाली. "खाते तिथनंच."

माणसं जमली होती. हॉटेलवाला नारळ घेऊन आला होता, त्याचा आचारी, पाड्यावरची आठ-दहा माणसं, एसटीचा एक ड्रायव्हर. पूजा म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढलेल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग आणि ढिगाच्या पलीकडे मांजर.

मी प्लग हातात घेतला. सगळ्यांकडे पाठ होती माझी. एका अंगावर अंगठा फिरवला, अंगठा लाल झाला. दुसऱ्या अंगावर फिरवला, तोही लाल. ठिपका कुठे होता? फडकं मागायला हवं होतं. पाणी मागायला हवं होतं. मागितलं असतं तर हॉटेलवाल्याने विचारलं असतं, काय मिस्त्री, काय शोधताय, आणि मला सांगावं लागलं असतं. मागे लोक थांबले होते. आचारी म्हणाला, "मिस्त्री, प्लगची पण आरती करता काय?" आणि लोक हसले.

मी मनात म्हटलं, बटण तर बंद आहे. आता लावून ठेवू. गर्दी हटली की बघू.

मांजर मला आठवली नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. आठवली होती.

मी प्लग खोचला आणि पेटीजवळ आलो. हॉटेलवाल्याने पेटीच्या पायाशी दगडावर नारळ फोडला, पाणी ओंजळीत घेऊन पेटीवर शिंपडलं, उरलेलं खाली सांडलं. मी बायकोला म्हटलं, "ये. दाब."

ती पुढे आली. नवं लुगडं, अनवाणी पाय, सारवलेल्या ओल्या जमिनीवर. बटणाकडे हात नेला आणि थांबली.

"थांबा. हार राहिला."

झेंडूचा लहानसा हार होता तिच्या उजव्या हातात. दांडीला बांधायला म्हणून तिने डाव्या हाताने दांडी धरली. लाकडी गोळ्याच्या खाली, जिथे लोखंड होतं तिथे.

ती ओरडली नाही. ओरडता येत नसतं तेव्हा. तिची मूठ दांडीभोवती आवळली, हार खाली पडला, मान मागे गेली आणि तोंडातून एक बारीक आवाज येऊ लागला, तसाच, त्या दिवशी मांजरीच्या तोंडून आला होता तसा. लोकांना वाटलं देवीचं वारं आलं. पाड्यावरच्या एका म्हातारीने हात जोडले. दसऱ्याचा दिवस, कुंकू लावलेली बाई, ओढलेला चेहरा. दुसरं काय वाटणार?

मला कळलं होतं. मी हात टाकला तो बटणावर. माझ्या बटणावर. टक.

पेटी सुरू झाली. वरची ट्यूब फडफडली, स्पीकर गुरगुरला.

टक. ट्यूब विझली. ती तशीच होती.

टक. पुन्हा ट्यूब, पुन्हा गुरगुर, आणि काचेवरच्या कुंकवाच्या स्वस्तिकामागून निळा उजेड हळूहळू वर येऊ लागला. बटणाचं चालू-बंद मला कळेनासं झालं होतं. मी दाबत होतो. सगळं सुरू करणारं, सगळं बंद करणारं एक बटण, आणि ते माझ्या बोटाखाली व्यवस्थित काम करत होतं.

मेहुणा दारात उभा होता. रात्रपाळी करून वाणगावहून थेट आलेला, पायात ड्यूटीचे जाड रबरी बूट, आत यायचं म्हणून वाकून नाडी सोडत होता. त्याने मान वर केली. मी बायकोचा खांदा धरायला पुढे झालो तसा त्याचा आवाज आला, "भावोजी, शिवू नका तिला." आणि त्याने भिंतीकडेची वायर धरून एकच हिसका मारला. प्लग बोर्डातून निघून जमिनीवर घासत गेला.

ती खाली कोसळली. पेटीचा उजेड एका ठिपक्याएवढा झाला आणि गेला.

हॉटेलवाल्याच्या टेम्पोतून तिला डहाणूला नेलं. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. ती श्वास घेत होती, पण मोजून घ्यावा तसा, एक झाला की दुसरा येईल की नाही याची वाट बघायला लावणारा. मेहुणा समोर बसला होता. एका बुटाची नाडी सुटलेली तशीच होती.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, वाचल्या, पण आजची रात्र इथेच ठेवा, छातीचे ठोके अजून नीट पडत नाहीत. डाव्या तळहातावर दांडीचा वळ पांढरा उमटला होता, दोन बोटं भाजली होती. दुपारी तिने डोळे उघडले. भावाला बघितलं, मग मला. पहिलं काय बोलली असेल?

"माझंच चुकलं. मी ओलं कुंकू लावलं प्लगला. त्यानेच झालं असेल ना?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

मेहुणा मला व्हरांड्यात घेऊन गेला. "प्लग उलटा लागला होता," तो म्हणाला. "त्या दिवशी मला उलटा करून बघू दिला असतात तर. तुम्हाला ठाऊक होतं का हो, उलटा लागला की पाटीत करंट येतो ते?"

"मला काय ठाऊक," मी म्हटलं. "मी चौथी शिकलेला माणूस."

आयुष्यभर जे कुणी म्हटलं की मी भांडायला उठायचो, ते मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं आणि त्याच्या आड उभा राहिलो. रात्री तो तिच्याजवळ राहिला, मला म्हणाला घरी जा. मी शेवटच्या एसटीने तलासरीला आलो. दुकान उघडंच होतं. नारळाच्या करवंट्या, चुरगळलेला हार. दिवा लावायची हिंमत झाली नाही, काडी ओढून बघितलं. पेटीच्या वरच्या फळीवर मांजर झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पक्कड घेतली आणि प्लग वायरीपासून कापला. मोरीत नेऊन धुतला. हळद गेली, कुंकू गेलं, पाणी लाल होऊन वाहून गेलं आणि खाली ऑइल पेंटचा ठिपका राहिला, दोन थरांचा, जसा दिला होता तसा. तो प्लग शर्टाच्या खिशात टाकून पहिल्या एसटीने डहाणूला गेलो. ती उशीला टेकून बसली होती, भाऊ तिला चहा पाजत होता. मी प्लग तिच्या चांगल्या हातात ठेवला, ठिपका वर करून.

"ही खूण माझी आहे," मी म्हटलं. "उलटा लागला की चावते, हे मला भाद्रपदापासून माहीत होतं. मांजरीला लागलं तेही मी बघितलं होतं."

तिने अंगठ्याने ठिपका घासून बघितला.

"म्हणजे कुंकवाने नाही."

"नाही."

तिने प्लग भावाकडे दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा गार होतोय." मी कप पुढे केला तर तिने तो भावाच्याच हातून घेतला. मेहुणा प्लग उलटा-सुलटा करत होता. मला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. तो एवढंच म्हणाला, "घरी कोळसा आहे?"

"आहे."

"मीठ मी आणतो. चांगलं पोतंभर लागेल."

मी तसाच परत फिरलो. ऊन चढायच्या आत दुकानाच्या मागच्या भिंतीशी कुदळ घेऊन उभा राहिलो आणि मेहुणा यायच्या आधी छातीएवढा खड्डा खणून ठेवला.